पत्र ताब्यात घेतल्यावर

एका मेल सर्व्हरने दुसऱ्या मेल सर्व्हरकडे पत्र सोपवायचं म्हणजे आधी दोघांत थोडं बोलणं होतं. हे बोलणं माणसाला स्वतःच्या हातानेही करता येतं. काळ्या पडद्यावर टेलनेट लावून समोरच्या यंत्राचा २५ क्रमांकाचा पोर्ट उघडायचा. तिकडून २२० हा आकडा आणि त्या यंत्राचं नाव येतं. आपण 'हेलो' लिहून आपलं नाव सांगायचं. पत्र कोणाकडून आहे ते सांगायचं, तिकडून २५० येतं. कोणासाठी आहे ते सांगायचं, पुन्हा २५०. त्या नावाचं तिथं कोणी नसेल तर ५५०. मग 'डेटा' लिहिलं की ३५४ येतं, म्हणजे आता मजकूर द्या. मजकूर संपला की एका मोकळ्या ओळीवर फक्त एक टिंब द्यायचं आणि एंटर दाबायचं. टिंबानंतर समोरचं यंत्र क्षणभर थांबतं, आणि मग शेवटचं २५० येतं.

या शेवटच्या २५०बद्दल मला लिहायचं आहे.

जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मध्ये ही बोलण्याची रीत लिहून काढली. २००८ साली तिची सुधारलेली आवृत्ती आली, पण हाडं तीच राहिली. आज लागू असलेल्या नियमांत एक कलम आहे, ते मी नवीन मुलांना सगळ्यात आधी वाचायला लावतो. टिंबानंतर ज्या यंत्राने २५० म्हटलं, त्याने पत्राची जबाबदारी घेतली, असं ते कलम सांगतं. पुढे पोचवायचं, नाहीतर पोचलं नाही असं पाठवणाऱ्याला कळवायचं. मध्येच यंत्र बंद पडलं, डिस्क भरली, असल्या किरकोळ कारणांनी पत्र हरवता कामा नये. आम्ही मेल सर्व्हरसाठी पोस्टफिक्स नावाची जी प्रणाली वापरतो, ती हे कलम अक्षरशः पाळते. पत्र डिस्कवर लिहिलं गेलं याची खात्री झाल्याशिवाय पोस्टफिक्स २५० म्हणत नाही. टिंबानंतरच्या त्या क्षणात हे काम चाललेलं असतं. २५० म्हटल्यावर पुढच्या सेकंदाला महावितरणची लाइट गेली आणि यूपीएसनेही मान टाकली, तरी यंत्र उठल्यावर पत्र जागच्या जागी सापडतं. हे मी जळगावच्या उन्हाळ्यात डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

जळगावच्या एमआयडीसीत डाळ आणि केळी निर्यात असा दुहेरी धंदा करणारी एक कंपनी आहे, तिचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. धुळ्याला, अवधानच्या एमआयडीसीत तिची शाखा आहे. केळी रावेर-यावलच्या बाजूची. हरभरा, तूर कुठून कुठून येते. माल ट्रकने जातो, पण तो हलतो कागदावर. दर, करार, पॅकिंग लिस्ट, रोगकीड नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र, जहाज कंपनीच्या सूचना, बँकेचे निरोप, सगळं आता मेलने. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२१मध्ये तांदलवाडीची केळी त्या मानांकनासह दुबईला रवाना झाली, तेव्हा पेपरांत फोटो आले ते घडांचे आणि कंटेनरचे. त्या कंटेनरच्या मागेपुढे किती पत्रं धावली असतील, याचा अंदाज माझ्या खोलीत बसणाऱ्यालाच येतो.

खोली लहान आहे. मे महिन्यात बाहेर पारा ४५ला टेकतो, आत एसी अखंड चालू. मी काम करतो ते टर्मिनलवर. सर्व्हर चालवायला ब्राउझरमधलं पॅनेलही असतं. नवीन खातं उघडायला, पासवर्ड बदलायला ते सोयीचं आहे आणि मी ते वापरतो. पण पॅनेल सांगतं ते सर्व्हरबद्दल. हिरवा दिवा, इतके टक्के डिस्क, इतकी मेमरी. लोक मला विचारतात ते एका पत्राबद्दल. अमुक वाजता, अमुक माणसाला, अमुक पत्र टाकलं होतं, ते कुठं आहे? याचं उत्तर हिरव्या दिव्यात नसतं. ते लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींमध्ये असतं.

धुळ्याच्या शाखेतून फोन येतो तो बहुतेक अहिराणीतूनच. "भाऊ, मुंबईना मेल ऊना नही अजून. जरा देखीसन सांगा." मी पाठवणाऱ्याचा पत्ता विचारतो आणि लॉगवर ग्रेप मारतो, म्हणजे त्यात तो पत्ता शोधतो. पोस्टफिक्स प्रत्येक पत्राला आत येताच एक खूण देतो, आकडे आणि अक्षरं मिळून झालेली. त्या खुणेवर पुन्हा ग्रेप मारला की पत्राचा सगळा प्रवास ओळीओळीने उभा राहतो. अमुक यंत्राकडून आलं, इतक्या बाइटचं, रांगेत लागलं, स्पॅमच्या चाळणीतून गेलं, अमुकच्या पेटीत पडलं, रांगेतून काढलं. प्रत्येक ओळीला तास, मिनिट, सेकंद. कधी दिसतं की पत्र केव्हाच पोचलंय आणि त्यांच्या जंक फोल्डरमध्ये बसलंय. कधी दिसतं की मुंबईवाल्यांनी पत्ता लिहिताना एक अक्षर गाळलं आणि आम्ही ५५० म्हणून परत पाठवलं, म्हणजे मुंबईवाल्यांच्या पेटीत ते परत गेलेलं असणार. आणि कधी काहीच दिसत नाही, म्हणजे पत्र आमच्या दारापर्यंत आलंच नाही. हे तिसरं उत्तर द्यायला सगळ्यात जास्त खात्री लागते. 'आलंच नाही' असं म्हणायला लॉग पूर्ण असावा लागतो. म्हणून मी लॉग जपतो. जुने लॉग दाबून वेगळ्या डिस्कवर ठेवतो, आणि ते पुसून जागा करा असं कोणी म्हटलं तर जागा दुसरीकडून काढून देतो.

धुळ्याला गेलो की मला राजवाडे संशोधन मंडळाची आठवण हटकून होते. इतिहास संशोधक विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने हे मंडळ उभं राहिलं. महाराष्ट्रभर वणवण करून, वाड्यांच्या माळ्यांवरची, कोनाड्यातली दप्तरं उलगडून या माणसाने जी कागदपत्रं गोळा केली, त्यातून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड झाले. पहिला खंड १८९८चा, आणि त्याचा गाभा पानिपतच्या आधीच्या दशकातली पत्रं. बखरीवर भागवायला ते तयार नव्हते. मूळ कागद कुठं आहे, ही त्यांची मागणी होती.

त्या काळच्या पत्रांवर एक गोष्ट असते, ती पाहून मला माझ्या कामाची आठवण झाली नसती तरच नवल. पत्राच्या मजकुराशिवाय त्यावर कारकुनाच्या हातचे शेरे असतात. पत्र निघालं त्याची तारीख, 'रवाना' म्हणून. आणि पोचलं त्याची तारीख, 'पैवस्ती' म्हणून. पत्र लिहिलं कधी, निघालं कधी आणि हातात पडलं कधी, या वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे पेशवाईतल्या कारकुनाला पक्कं माहीत होतं. इतिहास लिहिणाऱ्याला तर पैवस्तीची तारीख सोन्यासारखी. एखाद्या सरदाराने अमुक दिवशी काही केलं, तर त्या दिवशी त्याला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, हे पैवस्तीवरूनच ठरवता येतं.

आजच्या ईमेलच्या माथ्यावर 'रिसीव्ह्ड' अशा ओळी असतात. सामान्य माणसाला त्या दिसत नाहीत, दाखवा असं सांगावं लागतं. पत्र ज्या ज्या यंत्राच्या हातातून जातं ते ते यंत्र आपली एक ओळ वर चढवतं. कोणाकडून घेतलं, कोणी घेतलं, कधी घेतलं. सगळ्यात जुनी ओळ खाली, ताजी वर. खालून वर वाचत गेलं की पत्राची वाट कळते, आणि दोन ओळींमधल्या वेळेचं अंतर पाहिलं की ते कुठं रेंगाळलं तेही कळतं. हीच पैवस्ती, फक्त प्रत्येक मुक्कामाची. जळगाव-धुळ्याच्या शाळांमध्ये संगणक शिकवणाऱ्यांनी मुलांना एकदा मंडळात नेऊन जुनी पत्रं दाखवावीत आणि परत येऊन ईमेलचा माथा उघडून दाखवावा, असं मला फार वाटतं. अडीचशे वर्षांत काय बदललं आणि काय बदललं नाही, ते मुलांच्या आपोआप लक्षात येईल.

माथ्यातली आणखी एक गंमत सांगतो. विषय मराठीत लिहिलेला असला तर तो माथ्यात देवनागरीत दिसत नाही. जुन्या यंत्रांना फक्त इंग्रजी अक्षरं कळायची, म्हणून देवनागरी अक्षरांना इंग्रजी अक्षरांचा वेष देऊन पाठवायची पद्धत पडली. एक देवनागरी चिन्ह तीन बाइटचं, आणि या पद्धतीत तीन बाइटची चार अक्षरं होतात. त्यामुळे हिशोब चोख बसतो. 'जळगाव'मध्ये ज, ळ, ग, काना आणि व अशी पाच चिन्हं, त्यांची वीस अक्षरं. 'धुळे'ची चार चिन्हं, सोळा अक्षरं. आणि प्रत्येक चौकडीची सुरुवात ठरलेली: ४, के, एस, किंवा ४, के, डब्ल्यू. 'जळगाव'च्या पाचही चौकड्या एसवाल्या. 'धुळे'मध्ये उकार आणि मात्रा डब्ल्यूवाल्या, बाकी एसवाल्या. जागा सुटली की ही चौकट सरकते, पण पहिल्या शब्दात ती स्वच्छ दिसते. पडद्यावरून शेकडो ओळी वर सरकत असताना मला मराठी विषयाचं पत्र या ४, के, एसवरून लांबूनच ओळखू येतं. आपल्या भाषेतलं पत्र चाललंय हे पाहून बरं वाटतं. २०१४च्या ऑगस्टमध्ये '.भारत' हे देवनागरी डोमेन सुरू झालं, पोस्टफिक्सलाही २०१५पासून देवनागरीतला पत्ता समजतो. तरी आमच्याकडे व्यवहारात असा पत्ता घेऊन अजून कोणी आलेलं नाही. कोणी आलं तर मी त्याच दिवशी खातं उघडून देईन.

आता रांगेबद्दल. पत्र घेतलं, पण पुढचं यंत्र दार उघडत नाही. असं रोज होतं. तेव्हा पोस्टफिक्स पत्राला 'डिफर्ड' नावाच्या कप्प्यात ठेवतो आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा जाऊन दार वाजवतो. आधी पाच मिनिटांनी, मग अंतर वाढत वाढत तासाभरापर्यंत. पाच दिवस हे चालतं. पाच दिवसांत दार उघडलंच नाही तर पाठवणाऱ्याला निरोप जातो की पोचवता आलं नाही. तरसोद ते फागणे महामार्गाचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं, त्या काळात जेसीबीने केबल तोडली की धुळ्याची शाखा अंधारात. तिथल्या यंत्रासाठी आलेली पत्रं मग जळगावला डिफर्डमध्ये साठायची. केबल जोडल्यावर एक आज्ञा दिली, की रांग वाहून जायची आणि धुळ्याच्या लॉगमध्ये ओळी धो धो पडायला लागायच्या. एकही पत्र हरवलं नाही.

पण या पाच दिवसांतली एक गोष्ट मला पटत नाही. पोस्टफिक्स घेतलात तसाच चालवला तर या पाच दिवसांत तो पाठवणाऱ्याला काहीच सांगत नाही. पाठवणारा समजतो की पत्र गेलं. व्यापारात पाच दिवस म्हणजे केळीचा घड पिकून काळा पडायचा वेळ. तेव्हा मी एक ओळ बदलून ठेवली आहे: चार तासांत पत्र गेलं नाही तर पाठवणाऱ्याला सूचना जाते की अजून प्रयत्न चालू आहेत. काहींना या सूचनेचा त्रास होतो, बंद करा म्हणतात. मी करत नाही. ज्याला कळलं तो फोन करून काम भागवू शकतो.

आमच्या शेजारी राहणारे एक काका भुसावळच्या आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत, सॉर्टर होते. धावत्या गाडीत उभ्या उभ्या पत्रं खणांत टाकायची. कोणतं गाव कोणत्या टपाल कचेरीखाली, ती पिशवी कोणत्या स्टेशनवर उतरवायची, हे सगळं तोंडपाठ. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आला. तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, टपाल-तार खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पिन डावीकडून उजवीकडे वाचायचा: ४ म्हणजे आपला पश्चिमेकडचा विभाग, ४२५ म्हणजे जळगावकडचा टापू, शेवटचे तीन आकडे म्हणजे नेमकी कचेरी. ईमेलचा पत्ता मी उजवीकडून डावीकडे वाचतो. शेवटच्या टिंबानंतरचं आधी, मग कंपनीचं नाव, मग त्या नावाचं टपाल कोणतं यंत्र घेतं याची डीएनएसमध्ये चौकशी, आणि सगळ्यात शेवटी माणूस. काका म्हणायचे की पत्ता अर्धवट असलेलं पत्र बाजूला टाकायचं नसतं, आधी त्यावर डोकं चालवायचं. ते गेले त्याला बराच काळ झाला. त्यांचं ते बाजूला न टाकणं माझ्या कामात उतरावं, ही माझी इच्छा आहे.

त्याचा कस लागला तो एका मे महिन्यातल्या संध्याकाळी. रांगेत एरवी दहा-वीस पत्रं असतात, ती एकाएकी हजारांत गेली. निर्यातीची कागदपत्रं पाहणाऱ्या विभागातल्या एका खात्याचा पासवर्ड कोणीतरी मिळवला होता आणि त्या खात्यातून परदेशातले ठग लॉटरीची पत्रं जगभर सोडत होते. लॉगमध्ये एकाच नावाने, पण कुठल्या कुठल्या देशांतल्या आयपींवरून लॉगिन होत होतं. अशा वेळी घड्याळाशी शर्यत असते. तासाभरात आपला आयपी काळ्या यादीत गेला तर कंपनीची सगळीच पत्रं जग नाकारायला लागतं.

खातं बंद केलं, चालू जोडण्या तोडल्या. मग रांगेचा प्रश्न. पोस्टफिक्सच्या पोस्टसुपर या साधनाला एक आज्ञा दिली की सगळी रांग एका दमात पुसली जाते. फोनवर सल्ला देणाऱ्या एका अनुभवी माणसाने तेच सांगितलं. कचरा आहे, उडव. पण त्या हजारोंत खरीही पत्रं होती, आणि त्यांना आम्ही टिंबानंतर २५० म्हटलेलं होतं. मी सगळी रांग 'होल्ड'वर टाकली. होल्डमधलं पत्र जात नाही आणि मरतही नाही.

मग निवडायला बसलो. इतर खात्यांची पत्रं सोपी होती, पाठवणाऱ्याच्या नावावरून वेगळी झाली आणि सुटली. अवघड होती त्या एका खात्याची, कारण खरा आणि खोटा दोघांचं नाव एकच. तिथं उपयोगी पडला लॉगमधला आयपी. ठगांचे आयपी बाहेरचे, आमच्या ऑफिसचा ठरलेला. ऑफिसच्या आयपीवरून त्या नावाने आत आलेल्या पत्रांच्या खुणा ग्रेपने वेगळ्या काढल्या. मोजकीच निघाली. त्यातलं एक जहाज कंपनीला होतं. न्हावाशेवाला उभ्या असलेल्या केळीच्या कंटेनरचं वजन, ज्याला व्हीजीएम म्हणतात. १ जुलै २०१६पासून हे वजन मुदतीत कळवल्याशिवाय जगातलं कोणतंही जहाज भरलेला कंटेनर चढवून घेत नाही. मुदत त्या रात्रीचीच होती.

त्या पत्राची खूण देऊन ते होल्डमधून सोडलं. जहाज कंपनीच्या सर्व्हरने पहिल्यांदा ४५० म्हटलं, म्हणजे आत्ता नको, थोड्या वेळाने या. अनोळखी यंत्राला एकदा परत पाठवून पाहायची काहींची रीत असते. थांबलो. पुन्हा पाठवलं, आणि लॉगमध्ये ओळ आली: २५०, आणि त्यांच्याकडची पत्राची खूण. मी त्या विभागातल्या ताईंना फोन लावला. "ताई, गेला. त्यांनी घेतला." त्या इतकंच म्हणाल्या, "बरं झालं भाऊ, आता जेवते." उरलेला खरा कचरा मग रात्री पुसला.

त्या निवडीच्या वेळी पत्रं उघडून वाचायची गरज पडली नाही, याचं मला समाधान आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्याला रांगेतलं कोणतंही पत्र पोस्टकॅट या आज्ञेने वाचता येतं. पगारवाढीचं, राजीनाम्याचं, मालकांच्या घरच्या वाटणीचं. त्याच आज्ञेला 'एच' हा पर्याय दिला की मात्र फक्त माथा दिसतो, मजकूर झाकलेला राहतो. मी हा पर्याय सोडून ती आज्ञा चालवत नाही. १८९८च्या टपाल कायद्याने, म्हणजे राजवाड्यांचा पहिला खंड निघाला त्याच साली, टपाल कर्मचाऱ्याने पत्र उघडणं आणि मुद्दाम उशीर करणं हे दोन्ही गुन्हे ठरवले होते. उघडणं आणि अडवणं यांना एकाच रांगेत बसवणाऱ्यांनी टपालाचं काम बरोबर ओळखलं होतं. एका ठिकाणी काम करताना वरिष्ठांनी मला एका कर्मचाऱ्याची पत्रं काढून द्यायला तोंडी सांगितलं होतं. मी लेखी आदेश मागितला आणि उघडताना दुसरा जबाबदार माणूस हजर हवा म्हटलं. लेखी आदेश आला नाही, पत्रंही निघाली नाहीत. या कामात येणाऱ्या मुलांनी हा नियम पहिल्या दिवशीच आपल्या मालकांना सांगून ठेवावा. नंतर सांगायला गेलं तर तो त्या एका माणसाची बाजू घेतल्यासारखा दिसतो.

आता माझी खरी तक्रार. अलीकडे मोठमोठ्या सेवा टिंबानंतर २५० म्हणतात आणि पत्र कुठंच दिसत नाही. पेटीत नाही, जंकमध्ये नाही, परतीचा निरोपही नाही. आमच्या लॉगमध्ये त्यांची कबुली स्वच्छ लिहिलेली, आणि शिरपूरचा एखादा व्यापारी शपथेवर सांगतो की आलं नाही. दोघंही खरं बोलतात. स्पॅमचा पूर इतका आहे की प्रत्येक खोट्या पत्राला परतीचा निरोप द्यायला गेलं तर तो निरोप भलत्याच निरपराध माणसाच्या पेटीत पडतो, कारण ठगांनी पाठवणाऱ्याचा पत्ता चोरलेला असतो. ही अडचण मला मान्य आहे. पण उपाय टिंबाच्या आधी आहे. नको असलेलं पत्र दारातच नाकारावं, ५५० म्हणावं, कारण सांगावं. खरा पाठवणारा असेल तर त्याला त्याच्याच सर्व्हरकडून कळेल, ठग असेल तर गोष्ट तिथंच संपेल. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर पत्रं पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम, डीमार्क सक्तीचे केले. आपल्या नावाने पत्र पाठवायचा अधिकार कोणत्या यंत्राला आहे हे जाहीर करायचे आणि पत्रावर सही करायचे हे प्रकार. आमच्यासारख्यांचं काम त्याने वाढलं, तरी मी त्याच्या बाजूचा आहे. ते नाकारतात तेव्हा कारण लिहून नाकारतात, आणि कारण कळलं की दुरुस्ती करता येते.

खान्देशातल्या बहुतेक कंपन्यांनी आता मेल गूगल किंवा मायक्रोसॉफ्टकडे सोपवलं आहे. त्यात चूक काही नाही. रात्री-अपरात्री एसीच्या भरवशावर सर्व्हर चालवणं सगळ्यांना झेपत नाही. पण मेल सोपवताना त्याबरोबर माणूसही कमी करतात, हे चुकतं. पत्राचा माग काढायची सोय तिथंही असते. ती उघडून बसणारा, लॉगची ओळ वाचता येणारा, धुळ्याच्या माणसाला अहिराणीत समजावून सांगणारा कोणीतरी कंपनीत हवा. नाहीतर मेल आला नाही या वाक्यापुढे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतात आणि ट्रक फाटकात उभा राहतो. इथल्या विद्यापीठातून आणि इंजिनीअरिंग कॉलेजांतून दरवर्षी मुलं बाहेर पडतात आणि पुण्याची गाडी धरतात. त्यातल्या काहींना हे काम इथंच मिळू शकतं, मालकांनी त्याला काम म्हणून मोजलं तर.

वाचकांपैकी ज्यांची स्वतःची कंपनी, संस्था, पतपेढी किंवा कॉलेज आहे आणि त्याचं स्वतःचं डोमेन आहे, त्यांना एक विनंती. पोस्टमास्टर हा पत्ता प्रत्येक डोमेनवर चालू असलाच पाहिजे, असा ईमेलच्या नियमांचाच दंडक आहे. जगात कोणालाही तुमच्या टपालाबद्दल तक्रार असली तर त्याने तिथं लिहावं म्हणून. आज घरून तुमच्याच डोमेनच्या पोस्टमास्टरला एक मेल टाका. तो परत आला, किंवा दोन दिवसांत कोणी उत्तर दिलं नाही, तर ज्याच्याकडे मेलचं काम आहे त्याला बोलावून हा पत्ता सुरू करून घ्या, आणि तिथं आलेली पत्रं रोज वाचायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून द्या.